साठी, बुद्धी आणि मुंबईचे डॉ. दस्तूर

१९५६ साली मराठवाड्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि १ नोव्हेंबरला परभणीसह पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आले. त्याच साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात सीमूर केटी या शास्त्रज्ञाचा लेख छापून आला. माणसाच्या मेंदूतून दर मिनिटाला किती रक्त वाहतं, हे मोजण्याची रीत केटी यांनीच शोधली होती. तोवर जगभर झालेली मोजमापं त्यांनी वयाच्या क्रमाने मांडली आणि आलेख उतरता निघाला. वय वाढतं तसा मेंदूचा रक्तप्रवाह आटतो, असं त्यातून दिसत होतं. आपल्याकडे हे सांगायला आलेख लागत नव्हता. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण होतीच.

ही म्हण आणि तो आलेख, दोन्ही पुढच्या सात वर्षांत खोटे ठरले. ते ज्या निबंधाने खोटे ठरवले, त्यावरचं पहिलं नाव मुंबईच्या एका डॉक्टरचं आहे.

परभणीकडे म्हातारा माणूस जेवून उठल्यावर पुन्हा जेवायला मागू लागला, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागला, तर त्याला म्हातारचळ लागला म्हणतात. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर अंगावरून वारं गेलं म्हणतात. गावाच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी: पहिली वयाची, दुसरी नशिबाची. दवाखान्यात मात्र दोन्हींसाठी एकच वाक्य कानावर पडतं, ‘मेंदूला रक्तपुरवठा कमी पडतोय.’ डॉक्टर ते इतक्या सहज बोलून जातात की ते कुणी सिद्ध केलं, केव्हा केलं आणि त्यात खरं किती, असा प्रश्न कुणाला पडत नाही. त्या वाक्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली बरीच वर्षं चुकीच्या वाटेवर गेली आहेत.

सुरुवात एका शेतकऱ्यापासून झाली. इटलीत तुरिनला अँजेलो मोसो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे बर्टिनो नावाचा एक खेडूत आला. डोक्यावर वीट पडून त्याच्या कवटीला भोक पडलं होतं आणि जखम भरली तरी तिथला मेंदू कातडीखाली उडताना दिसत होता. मोसोंनी त्यावर नोंदणीचं यंत्र लावलं. दुपारी चर्चची घंटा वाजली तशी मेंदूतली उडी वाढली, हातातली नाडी मात्र होती तशीच राहिली. ‘प्रार्थनेची आठवण झाली का?’ विचारलं, पुन्हा उडी वाढली. आठ गुणिले बारा किती विचारलं, पुन्हा वाढली. १८८१ साली मोसोंनी हे पुस्तकात छापलं. विचार करायला रक्त लागतं याचा हा पहिला लेखी पुरावा. त्यासाठी एका शेतकऱ्याची कवटी फुटावी लागली, हेही लिहून ठेवलेलं बरं.

पुढचं काम जर्मनीत झालं. १८९४ मध्ये ऑटो बिन्सवांगर यांनी काही रुग्णांचं वर्णन केलं. त्यांची बुद्धी हळूहळू क्षीण होत गेली होती, आणि मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या आतला पांढरा भाग झिजलेला होता. बिन्सवांगर यांनी बोट ठेवलं ते कडक झालेल्या रक्तवाहिन्यांवर. हा पांढरा भाग का झिजतो, हे परभणीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी सुटलं की वरच्यांचं भागतं आणि टेलच्या शेतापर्यंत पोचेपोचेपर्यंत धार उरत नाही. मेंदूच्या पांढऱ्या भागात जाणाऱ्या बारीक धमन्या लांब असतात, त्यांना आजूबाजूने दुसरी जोड जवळजवळ नसते, आणि दाब जरा कमी झाला की पहिला फटका शेवटच्या टोकाला बसतो.

याच काळात अलॉइस अल्झायमर हेही कडक रक्तवाहिन्यांवरच लिहीत होते, हे आज कुणाच्या लक्षात नाही. त्यांचं नाव झालं ते वेगळ्या कारणाने. पन्नाशीतच स्मृती गेलेल्या एका बाईच्या मेंदूत त्यांना पेशींबाहेरचे साठे आणि पेशींच्या आतले गुंते दिसले. १९०६ मध्ये त्यांनी ते सांगितलं, १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी त्या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. पण ते नाव पासष्टीच्या आतल्या माणसांपुरतं राखून ठेवलं गेलं. त्यापुढच्या कुणाचीही बुद्धी गेली तर निदान ठरलेलं असायचं: धमन्या कडक झाल्या. पन्नास-साठ वर्षं हे असंच चाललं. वय आणि धमन्या यांची अशी मोट बांधली गेली की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे कुणी तपासलंच नाही. तपासणार तरी कशाने? जिवंत माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहतं, हे मोजायचं साधनच नव्हतं.

ते साधन केटी आणि कार्ल श्मिट यांनी फिलाडेल्फियात तयार केलं, १९४५ ते १९४८ च्या दरम्यान. रीत डोकेबाज होती आणि सोसायला कठीणही. माणसाला दहा मिनिटं नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्य वापरायचे तो ‘हसवणारा वायू’, थोड्या प्रमाणात मिसळलेली हवा द्यायची. हा वायू शरीरात कुठे जळत नाही, फक्त रक्ताबरोबर मेंदूत शिरतो आणि हळूहळू तिथे भरतो. एक सुई धमनीत, दुसरी कानाच्या खाली, कवटीतून नुकत्याच बाहेर आलेल्या शिरेत. ठरावीक वेळाने दोन्हीकडचं रक्त काढायचं आणि वायू किती गेला, किती परत आला याचा फरक मांडायचा. मेंदू जितका लवकर भरेल तितका प्रवाह जास्त. त्याच रक्तातला ऑक्सिजन मोजला की मेंदू किती जाळतो, तेही कळतं. हिशेब निघाला तो असा: निरोगी तरुणाच्या मेंदूच्या दर १०० ग्रॅममधून मिनिटाला ५४ मिलिलिटरच्या आसपास रक्त वाहतं. अख्ख्या मेंदूचं मिनिटाला पाऊण लिटर. वजनाने मेंदू शरीराचा पन्नासावा हिस्सा, ऑक्सिजन मात्र पाचवा हिस्सा खातो.

या रीतीने काही मजेशीर उत्तरं मिळाली. सोकोलॉफ, केटी आणि सहकाऱ्यांनी माणसांना मनातल्या मनात गणितं घालून पाहिलं. मेंदूच्या एकूण रक्तप्रवाहात फरक पडला नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचाही प्रवाह इतरांइतकाच निघाला. बर्टिनोच्या उडीत दिसलं होतं ते मेंदूच्या एका तुकड्याचं काम. सगळ्याची बेरीज करणाऱ्या या रीतीला ते दिसणं शक्य नव्हतं. पण म्हातारपणी बुद्धी गेलेल्यांमध्ये १९५१ साली मोजलं तेव्हा प्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर, दोन्ही स्पष्ट कमी निघाले. १९५६ च्या उतरत्या आलेखामागे असे बरेच आकडे होते.

त्या आलेखातली खोट आता कुणालाही दिसेल. तरुण बहुतेक धडधाकट स्वयंसेवक होते. म्हातारे मात्र मुख्यतः रुग्णालयांत सापडलेले, म्हणजे काही ना काही दुखणं असलेले. वय मोजतोय असं वाटत होतं, मोजला जात होता आजार.

ही गाठ सोडवण्यासाठी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने साधा पण खर्चिक मार्ग धरला. पासष्टीच्या पुढचे ४७ पुरुष निवडले. अट एकच, माणूस निरोगी हवा, स्वतःच्या घरात, समाजात वावरणारा हवा. जेम्स बिरेन, रॉबर्ट बटलर, सोकोलॉफ अशी मंडळी या कामात होती. मानसशास्त्रज्ञ बुद्धी तपासत होते, मनोविकारतज्ज्ञ तासन्‌तास बोलत होते आणि शरीरशास्त्रज्ञ शिरांत सुया घालत होते. वृद्धांविषयीच्या दुजाभावाला इंग्रजीत नाव देणारे बटलर ते हेच.

आणि मेंदूचा रक्तप्रवाह मोजणाऱ्या गटात होते मुंबईचे डॉ. दाराब दस्तूर. कुष्ठरोगात त्वचेतल्या मज्जातंतूंचं काय होतं, यावरचा त्यांचा निबंध १९५५ मध्ये ‘ब्रेन’ या लंडनच्या प्रतिष्ठित नियतकालिकात आला होता. पेशी आणि ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा हा माणूस बेथेस्डात जिवंत मेंदूचा हिशेब मांडायला बसला.

१९६३ मध्ये ‘ह्यूमन एजिंग’ हा ग्रंथ निघाला. त्यातल्या रक्तप्रवाहावरच्या प्रकरणाचे पहिले लेखक दस्तूर, नंतर केटी, बटलर, सोकोलॉफ वगैरे. संशोधक आजही ‘दस्तूर आणि सहकारी, १९६३’ असाच दाखला देतात. आकडे इथे द्यायलाच हवेत, कारण सगळी गोष्ट आकड्यांतच आहे. दर १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला मिलिलिटर या मापात विशीतल्या तरुणांचा प्रवाह सुमारे ६२. सरासरी एकाहत्तर वर्षांच्या निरोगी म्हाताऱ्यांचा ५८. ऑक्सिजनचा वापर तरुणांचा ३.५, म्हाताऱ्यांचा ३.३. पन्नास वर्षांचं अंतर आणि फरक इतका बारीक की सांख्यिकीच्या कसोटीत तो धरताच येत नाही.

मग ज्यांच्या धमन्या थोड्याशा कडक झाल्या होत्या, पण बाहेरून कसलाच त्रास नव्हता, अशांना वेगळं काढलं. त्यांचा प्रवाह ४८ वर आला होता. ऑक्सिजनचा वापर मात्र ३.२, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच. कमी रक्तातून मेंदू आपला ऑक्सिजन ओरबाडून घेत होता. परतीच्या शिरेतल्या रक्तात तो कमी उरत होता. माणूस हिंडतोफिरतो, हिशेब ठेवतो, ग्रामपंचायतीच्या राजकारणात भाग घेतो, आणि आत मेंदू काटकसरीवर चाललेला असतो. चौथा गट बुद्धी ढासळलेल्यांचा. प्रवाह त्यांचाही ४८. पण ऑक्सिजनचा वापर २.७ पर्यंत घसरलेला.

हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी धमनी बिघडते, मग प्रवाह घटतो, तरी काही काळ मेंदू निभावून नेतो, आणि शेवटी कामच मंदावतं. या साखळीत वय कुठेच नाही. वय फक्त धमनी बिघडायला वेळ देतं. माझ्या मते या एका प्रकरणाने म्हातारपणाच्या वैद्यकाचा पाया बदलला. मराठी माणसाने दस्तूर हे नाव सहसा ऐकलेलं नसतं, याचं मात्र आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव गावभर होतं, सूक्ष्मदर्शकाजवळ बसणाऱ्याचं होत नाही.

दस्तूर मुंबईत परतले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयाच्या आवारात त्यांचं न्यूरोपॅथॉलॉजी युनिट होतं. तिथेच नोशिर वाडियांनी १९५७ मध्ये मेंदूविकारांचा विभाग सुरू केला होता. पण इथल्या टेबलावर येणारे मेंदू बेथेस्डासारखे सत्तरीतले नव्हते. ते मुलांचे होते. क्षयाच्या मेंदूज्वराने गेलेली मुलं. बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी यांच्याबरोबर दस्तूर यांनी त्यावर १९६६ मध्ये निबंध लिहिला, आणि १९७० मध्ये अशा शंभर मेंदूंची पाहणी छापली. क्षयात मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साठतो, मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या त्यातूनच जातात, त्यांची भिंत सुजते, पोकळी बुजत जाते, आणि पुढचा भाग मरतो. स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनायझिड आल्यावर यातली बरीच मुलं जगू लागली. पण काही जगूनही मागे पडायची, बोलणं हरवायची, शाळेत पुन्हा कधी रुळायची नाहीत. अमेरिकेत सत्तरीच्या माणसात जे चरबी साठून होत होतं, ते इथे पाच वर्षांच्या पोरात जंतूने होत होतं. वय दोषी नाही याचा याहून क्रूर पुरावा कुठला द्यायचा?

जगाने मात्र १९६३ च्या निबंधातून सोयीचं तेवढंच उचललं. प्रवाह कमी आहे ना, मग वाढवा. साठ-सत्तरच्या दशकांत धमन्या फुगवणाऱ्या गोळ्यांची लाट आली. सायक्लँडेलेट, पापाव्हरीन, आयसॉक्सुप्रीन अशी नावं डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर दिसू लागली. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या कोठडीत म्हाताऱ्यांना बसवण्याचेही प्रयोग झाले. १९६९ मध्ये त्यातून सुधारणा दिसल्याचं छापून आलं, पुढच्या काटेकोर चाचण्यांत ती उतरली नाही. गोळ्यांची अडचण मुळातली होती. कडक, चुना साठलेली धमनी औषधाने फुगत नाही. फुगते ती शेजारची चांगली. मग रक्त चांगल्या भागाकडे वळतं आणि उपाशी भागाच्या तोंडचं काढून घेतलं जातं. डेन्मार्कचे नील्स लासेन आणि इतरांनी हे नीट मांडलं. शिवाय ज्या पेशी मेल्या त्यांना रक्त मिळून करायचं काय? शल्यचिकित्सकांनी टाळूवरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया आणली. १,३७७ रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १९८५ मध्ये तिचाही पक्षाघात टाळायला उपयोग नाही असं ठरलं. रक्तप्रवाह वाढवण्याचं आमिष दाखवणारी ‘मेंदूची टॉनिकं’ आपल्याकडच्या मेडिकल दुकानांतून अजून गेलेली नाहीत.

दरम्यान न्यूकॅसलला टॉमलिन्सन, ब्लेस्ड आणि रॉथ यांनी बुद्धी गेलेल्या पन्नास म्हाताऱ्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. जवळजवळ निम्म्यांत मुख्य आजार अल्झायमरने वर्णन केलेलाच निघाला, धमन्यांचा नाही. १९७४ मध्ये व्लादिमीर हाचिन्स्की, लासेन आणि जॉन मार्शल यांनी पुढचं पाऊल टाकलं. धमन्या कडक झाल्या म्हणून मेंदू नुसता हळूहळू उपासमारीने मरतो, ही कल्पनाच त्यांनी नाकारली. बुद्धी जाते ती लहानमोठे झटके येऊन, मेंदूचे तुकडे एकामागून एक मरून. काही झटके कळतात, बरेचसे कळतही नाहीत. निदानासाठी हाचिन्स्की यांनी गुणांची एक यादीही केली: बिघाड एकदम सुरू झाला का, पायरीपायरीने वाढतोय का, रक्तदाब आहे का, आधी पक्षाघात झाला होता का. ‘वारं गेलं’ आणि ‘म्हातारचळ’ या गावाने वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी त्या यादीत शेजारी येऊन बसल्या.

मग लंबक उलट टोकाला गेला. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश म्हणजे बहुतांशी अल्झायमरच असं मांडलं. पैसा, प्रयोगशाळा, कीर्ती सगळं तिकडे वळलं आणि रक्तवाहिन्या जुन्या झाल्या. १९८५ मध्ये दस्तूर यांनी रक्तप्रवाहाच्या नियतकालिकात हा विषय पुन्हा हाती घेतला: निरोगी वार्धक्य, रोगट वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश, तिन्ही वेगवेगळे. बावीस वर्षांनी तेच सांगावं लागणं याला चिकाटी म्हणावी की कंटाळवाणी गरज, कोण जाणे.

आज लंबक मध्ये येऊ पाहतोय. बऱ्याच वृद्धांच्या मेंदूत दोन्ही आजार हातात हात घालून असतात, असं शवविच्छेदनांतून दिसलं आहे. २०१९ मध्ये दोन वेगळ्या बातम्या आल्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांच्या मेंदूत पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांत अडकून प्रवाह रोखतात असं दिसलं. त्या सोडवल्या तर तासाभरात प्रवाह वाढला, उंदरांची आठवण सुधारली. उंदरांची, हे विसरायचं नाही. दुसरी बातमी माणसांची. नऊ हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केलेल्यांत सौम्य बौद्धिक घसरण सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशातला फरक मात्र निर्णायक ठरला नाही.

मुंबईत २००१ मध्ये छापलेल्या पाहणीत पासष्टीपुढच्या सुमारे २.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आढळला होता. डॉ. प्रफुल्ल दलाल यांनी मुंबईतच केलेल्या पक्षाघाताच्या लोकसंख्यानिहाय पाहणीत वर्षाला लाखात १४५ च्या आसपास लोकांना पहिला झटका येतो, असं दिसलं. हे शहराचे आकडे. अठरा लाखांच्या परभणी जिल्ह्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण परभणीला २०२३ मध्ये स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं आहे, आणि अशी मोजणी करायला यापेक्षा चांगली जागा दुसरी कुठली?

परभणीची म्हणून एक अडचण मात्र आहे, ती रक्तदाबाच्या त्या चाचणीत बसत नाही: इथला उन्हाळा. निरोगी मेंदू रक्तदाब खालीवर झाला तरी आपला प्रवाह सांभाळून ठेवतो, साधारण ६० ते १५० या सरासरी दाबाच्या पट्ट्यात. वर्षानुवर्षं बीपी जास्त असलेल्यांचा हा पट्टा वर सरकलेला असतो, असं १९७३ मध्ये कोपनहेगनला सिद्ध झालं. त्यांचा दाब एकदम खाली आणला तर इतरांना सोसेल तो आकडाही त्यांच्या मेंदूला कमी पडतो. एप्रिल-मेमध्ये परभणीत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, अंगातलं पाणी घामावाटे जातं, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असते. सत्तरीचा माणूस बाजेवरून उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळ जण घाबरून गोळीच बंद करतात आणि दोन महिन्यांत दाब पुन्हा एकशेऐंशीला जाऊन बसतो. गोळी न सोडता मात्रा, वेळ किंवा औषध बदलणं हे डॉक्टरचं काम. त्यासाठी बीपी एकदा बसवून आणि एकदा उभं करून मोजावं लागतं. उपकेंद्रात तिशीपुढच्यांची तपासणी होते तिथे यंत्रही असतं आणि मोजणारी सिस्टरही. उभं करून पाहायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, इतकंच.